आपलाच डास, परक्या गावी

परदेशी डास आपल्याकडे घुसताहेत, असं आपण ऐकतो. एका डासाची गाडी मात्र उलटी गेलीय. ॲनोफिलीस स्टिफेन्साय हा मूळचा आपल्याच भागातला, शहरी मलेरिया पसरवणारा. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूती देशात सापडला, २०१६ मध्ये इथिओपियात, सुदानातही. तिकडचे जुने मलेरियावाले डास बहुतेक पावसाळी डबक्यांवर जगणारे. हा साठवणीच्या पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे भर शहरात, कोरड्या दिवसांतही मलेरिया.

आम्ही धुळ्याचे. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून गच्चीवर टाकी, मोरीत ड्रम. मे महिन्यात ड्रमात टॉर्च मारून बघितलं. काही अळ्या पाण्याच्या पृष्ठाला लागून आडव्या पडलेल्या, त्या ॲनोफिलीसच्या. बाकीच्या डोकं खाली करून लोंबकळत होत्या, म्हणजे एडिस (डेंग्यूवाला) नाहीतर क्युलेक्स या दुसऱ्या डासांच्या. एकाच ड्रमात दोन्ही बिऱ्हाडं!

ड्रम नुसता रिकामा करून भागत नाही. एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि सुकली तरी कित्येक महिने टिकतात. काथ्याने घासावंच लागतं, कूलरसुद्धा. उपसलेलं पाणी आईने फेकू दिलं नाही (आमच्याकडे पाणी फेकणं म्हणजे पापच), अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी ओतायला लावलं. कोरड्या मातीत अळ्या मेल्या.