विषय: शेजाऱ्यांची जुनी टूरिंग सायकल – साल आणि मॉडेल कसं ओळखायचं?

अनघा, पोर्टलंड

नमस्कार मंडळी,

आमच्या शेजारचे आजोबा गेल्या हिवाळ्यात वारले. गराज आवरताना त्यांच्या मुलीने त्यांची टूरिंग सायकल आमच्या ओंकारला देऊन टाकली. नळीवर ‘युनिव्हेगा’ एवढंच वाचता येतं, मॉडेलचं नाव पार पुसलंय. आजोबांच्या घरच्यांचं म्हणणं, १९७६ साली बाबांनी याच सायकलवरून अख्खी अमेरिका पार केली. इथल्या एका दुकानात दाखवली, तर त्याने मागचं चाक बघितलं आणि १९९१ ची म्हणून सांगितलं. कुणाचं खरं धरायचं?

ओंकारला ती घासून काळ्या रंगात पावडर कोटिंग करून हवी आहे. त्याआधी साल नक्की कळलं तर त्यांच्या मुलीलाही सांगता येईल. कुणाला यातलं कळतं का?

अनघा

मंदार

अनघा, पावडर कोटिंग करणारा एकजण माझ्या ओळखीचा आहे, नंबर पाठवतो. तो आधी सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, सगळा रंग काढतो, त्यामुळे फिनिश छान येतं.

सुधीरकाका

मंदार, अनघा, कृपा करून थोडं थांबा. एकदा रंग गेला की त्याच्याबरोबर निम्मा पुरावा गेला. या वयाच्या सायकलीचा रंग आणि उरलेसुरले स्टिकर हीच तिची कागदपत्रं असतात.

युनिव्हेगाचा कारखाना नव्हता. बेन लावी नावाचे कॅलिफोर्नियातले व्यापारी होते. आधी त्यांनी इटलीत सायकली बनवून घेतल्या आणि ‘इटलवेगा’ नावाने विकल्या. नंतर जपानकडे वळले, तेव्हा ‘युनिव्हेगा’ आली. तिच्या बऱ्याचशा चांगल्या फ्रेम मियाता कंपनीने बनवल्या आहेत. मियाता मूळचे बंदुका बनवणारे, १८९० पासून सायकलीत. पोलादी नळी कशी हाताळायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्या दृष्टीने सोयीचं असं, की मियाताच्या नंबरात साल लपलेलं असतं. सायकल उलटी कर. पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळकांड्यात बसतो, त्याच्या पोटाला नंबर ठोकलेला असेल. ग्रीस आणि माती बसलेली असणार, तेव्हा रॉकेल आणि जुना टूथब्रश घे. तारेचा ब्रश अजिबात नको. पहिलं अक्षर बघ: ए म्हणजे १९७२, बी म्हणजे ७३, असं एकही अक्षर न गाळता पुढे मोजत जायचं.

मग सुटे भाग. शिमानो या जपानी कंपनीच्या भागांवर मागच्या बाजूला दोन बारीक अक्षरं असतात. पहिलं सालाचं, ए म्हणजे १९७६. दुसरं महिन्याचं, ए जानेवारी ते एल डिसेंबर. मागच्या डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागावर, नक्की शोध. पण एकट्या सुट्या भागावरून साल ठरवायचं नाही. टूरिंगची सायकल हजारो मैल पळते. त्यात चाकं, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे पॅड बदलले जातातच. दुकानदाराने जे वाचलं ते बरोबर असेल, फक्त ते चाकाचं वय आहे. फ्रेम कोणी बदलत नाही.

मागचं चाक काढून दोन्ही ड्रॉपआउटमधलं, म्हणजे फ्रेमच्या ज्या खाचांत चाकाचा एक्सल बसतो त्यांच्यामधलं, अंतर आतून आत मोज. १२० मिमी आलं तर पाच गिअरच्या जमान्यातली, १२६ आलं तर सहा-सात गिअरची, १३० असेल तर त्यानंतरची.

मॉडेलच्या नावासाठी रात्री गराजमधला दिवा बंद कर आणि टॉर्च नळीला अगदी चिकटवून आडवा धर. स्टिकर गेला तरी त्याच्याखालचा रंग उन्हाने कमी उडालेला असतो, अक्षरांच्या कडा दिसतात. ओंकारला हे काम दे, तरुण डोळे लागतात.

अनघा

काका, सगळं केलं!

नंबर ‘एल’ने सुरू होतो. डिरेलरच्या मागे ‘जी एल’. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) ‘पी’ आहे. अंतर चाक काढल्यावर १२६ मिमी, पण हब १३० चा निघाला. चाक परत बसवताना ओंकारला दोन्ही बाजू हाताने फाकवाव्या लागल्या. मागचे ब्रेकचे पॅडही पुढच्यापेक्षा खाली सरकवलेत.

आणि टॉर्चची युक्ती! मधल्या नळीवर आधी ‘सिमा’ दिसलं, मग हळूहळू ‘स्पेशालिसिमा’ असं पूर्ण नाव. तीन बाटल्यांच्या स्टँडसाठी भोकं आहेत, पुढे-मागे कॅरिअरची भोकं आहेत.

सुधीरकाका

शाब्बास दोघांना. युनिव्हेगा स्पेशालिसिमा. ती त्यांची लांब पल्ल्याची, भारी टूरिंग सायकल होती.

एल म्हणजे १९८३. डिरेलर डिसेंबर १९८२ चा, म्हणजे फ्रेम बनण्याआधी काही महिने भाग कारखान्यात आलेले. हे अगदी जुळतं. हबवरचा पी म्हणजे १९९१, म्हणून दुकानदाराला ते साल दिसलं. चाक नंतर बदललंय. पॅड खाली का, तेही त्यातच आलं: पुढचं मूळ चाक २७ इंची आहे, मागचं नवं ७००सी, म्हणजे जरा लहान मापाचं. त्या दोन रिमच्या त्रिज्येत ४ मिमीचा फरक पडतो, तेवढेच पॅड खाली घ्यावे लागतात.

आता १९७६ चं. त्या वर्षी अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त ‘बाईकसेंटेनियल’ नावाची मोठी सायकलयात्रा झाली. तुमच्याच ओरेगनमधल्या अस्टोरियापासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाऊनपर्यंत सव्वाचार हजार मैलांचा मार्ग आखला आणि चार हजारांवर माणसं त्या उन्हाळ्यात त्यावर निघाली, काहींनी पूर्ण तर काहींनी थोडा भाग केला. त्या चळवळीतून जी संस्था उभी राहिली, ती आज मोंटानातल्या मिझुला गावी ‘अॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन’ नावाने काम करते. आजोबा त्यात असणं सहज शक्य आहे. पण या सायकलवर नाही, ती तेव्हा बनलीच नव्हती. त्यांच्या मुलीला हे दोन्ही सांग. प्रवास खोटा ठरत नाही, त्याची सायकल वेगळी होती एवढंच. तिला जुने फोटो चाळायला सांग. १९७६ ची एखादी दुसरी सायकल त्यात दिसेल. आणि सात वर्षांनी माणूस पुन्हा टूरिंगचीच सायकल घेतो, तेव्हा त्याला तो प्रवास किती आवडला असेल ते कळतं.

अशा सायकली पुढे फार काळ बनल्या नाहीत. १९८५ च्या प्लाझा करारानंतर (डॉलर स्वस्त करण्यासाठी बड्या देशांनी केलेला करार) येन वधारला, जपानी सायकली महाग झाल्या, आणि लोक माउंटन बाईककडे वळले. म्हणून माझा आग्रह आहे, काळा रंग नको. गंजाचे ठिपके बारीक लोकरीसारख्या पितळी तारेने हलके काढा, मेण लावा, आणि एकदा नीट ओव्हरऑइलिंग करून घ्या. छर्रे आणि ग्रीस नवं टाका.

अनघा

काका, ओंकार तयार झालाय, रंग तसाच ठेवायचा. मुलीला फोन केला. ती म्हणाली, फोटोंची पेटी माळ्यावर आहे, या आठवड्यात उघडते.

टायर दोन्ही फाटलेत. एकाच मापाचे घेऊ का?

सुधीरकाका

नको. पुढे २७ x १ १/४, मागे ७००सी. टायरच्या कडेला छापलेलं माप वाचूनच घ्या: पुढच्यावर ६३० हवं, मागच्यावर ६२२ (टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिमीत). दुकानात हे आकडे सांगा, ‘२७ इंची’ एवढ्यावर थांबू नका. आणि मागची फ्रेम १३० ला वाकवून घेऊ नका. जुना १२६ चा हब मिळाला की रिमसकट चाक बदलू. माझ्याकडे एक पडून आहे, पुढच्या मंडळाच्या सहलीला घेऊन येतो.