वडील (माजी सैनिक) वारले, आईच्या नावात फरक आहे. फॅमिली पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), बहिणीची शिष्यवृत्ती: आधी काय करायचं?

कळवा_पश्चिम

नमस्कार. वडील तोपखान्यातून 2005 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. जन्म 1961 चा. गेल्या महिन्यात 64 व्या वर्षी वारले. ठाणे महापालिकेचा मृत्यू दाखला मिळाला आहे.

आईचं नाव वडिलांच्या डिस्चार्ज बुकात (सैन्यातून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) आणि स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर 'शांता' आहे. आधार, पॅन आणि पासबुकावर 'शांताबाई'. बुकात तिच्या जन्माचं फक्त वर्ष लिहिलंय, आधारवर पूर्ण तारीख आहे. वडील गेल्यानंतरच्या महिन्याचीही पेन्शन खात्यात जमा झाली. खातं दोघांचं जॉइंट आहे. बहीण यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. घर एकच, कळव्यातला फ्लॅट. कुठून सुरुवात करायची? कुणी म्हणतं वारस दाखला काढा, कुणी म्हणतं आधी बँकेत जा.

तोपखाना_दप्तर

आईचं नाव पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) पत्नी म्हणून नोंदलेलं असेल तर फॅमिली पेन्शनसाठी वारस दाखला लागत नाही. त्यासाठी कोर्टात किंवा तहसीलमध्ये वेळ घालवू नका.

सगळ्यात आधी त्या जमा झालेल्या पेन्शनला हात लावू नका. एटीएम कार्ड बाजूला ठेवा. मृत्यूच्या तारखेपर्यंतची पेन्शन घरच्यांची, त्यानंतरची सरकारची. नंतरची रक्कम काढली तर ती पुढे आईच्या पेन्शनमधून वसूल होते, आणि एकदा वसुली लागली की हिशेब जुळवताना फार दमछाक होते. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून आईची फॅमिली पेन्शन लागू होते, ती मागच्या तारखेपासून थकबाकीसह मिळते. त्यामुळे मधल्या काळातले पैसे बुडतील ही भीती नको.

आता स्पर्शवर मृत्यूची नोंद करा. घरून जमत नसेल तर कॉमन सर्व्हिस सेंटर किंवा स्पर्शचं सेवा केंद्र असलेल्या बँक शाखेत जा. सोबत मृत्यू दाखला, वडिलांचा पीपीओ, आईचं आधार आणि पॅन, फोटो, रद्द केलेला चेक. चेक आईच्या एकटीच्या खात्याचा असेल तर उत्तम, म्हणून आजच तिच्या नावाचं खातं उघडायला टाका. नोंद केल्यावर मिळणारा क्रमांक लिहून ठेवा.

अडकणार ते नावावर. 'शांता' आणि 'शांताबाई' आपल्याला एकच वाटतात, पडताळणी करणाऱ्याला त्या दोन बायका दिसतात. इथे बरेच जण चूक करतात: घाईघाईने आधारवर नाव बदलून घेतात. मग आधार एक, पॅन दुसरं, बँक तिसरं, असा नवा घोळ होतो. नियम साधा ठेवा, जो कागद एकटा पडलाय तो दुरुस्त करायचा. तुमच्याकडे तीन कागद 'शांताबाई' म्हणतात, म्हणजे दुरुस्ती सैन्याच्या नोंदीत व्हायला हवी. ती रेकॉर्ड ऑफिस करतं. तोपखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे, त्यामुळे तुम्हाला लांब जायचं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगावला लिहावं लागतं, नौदलाच्या खलाशांची नोंद मानखुर्दला.

अर्ज आईच्या सहीचा, जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांमार्फत पाठवा. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्यात जन्मतारखेचाही उल्लेख, आधार, पॅन आणि शाळेचा दाखला असेल तर तो. रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा आदेश) काढतं, तिच्यावरून पुढे प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे दुरुस्ती जाते. नाव आणि जन्मतारीख एकाच अर्जात मागा. दोन अर्ज केले की दोन फेऱ्या होतात. जन्मतारीख सोडू नका, कारण वयाच्या 80 व्या वर्षी 20 टक्के, 85 ला 30, 90 ला 40 अशी पेन्शन वाढते आणि ती याच तारखेवर ठरते.

रकमेबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास पहिली 7 वर्षं किंवा वडील 67 वर्षांचे झाले असते त्या दिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर वाढीव दर, म्हणजे शेवटच्या पगाराच्या 50 टक्के. त्यानंतर 30 टक्के. वडिलांचा जन्म 1961 चा, म्हणजे वाढीव दर 2028 मध्ये संपेल. त्या महिन्यात मूळ रक्कम साधारण तीन पंचमांशावर येईल. ती चूक नसते, पण आईला आधी माहीत नसलं तर तिच्या पोटात गोळा येतो. घरखर्च त्या आकड्यावर बेतून ठेवा. महागाई भत्ता दोन्ही दरांवर मिळतो.

ऐरोली_से८

वरच्या उत्तरात एक भर. वडिलांचं जीवन प्रमाण (हयातीचा ऑनलाइन दाखला) आता चालणार नाही. फॅमिली पेन्शन सुरू झाल्यावर आईचं स्वतंत्र काढा. भरताना पेन्शनचा प्रकार 'फॅमिली' निवडा, पीपीओ नंबर नवा टाका आणि वितरण संस्था म्हणून स्पर्श निवडा, जुनी बँक नाही. जुनी बँक निवडली की प्रमाणपत्र तयार होतं, मोबाइलवर मेसेजही येतो, पण ते स्पर्शपर्यंत पोहोचत नाही आणि पेन्शन थांबते. आईची बोटं झिजलेली असतील तर अंगठ्याचा हट्ट धरू नका, चेहरा ओळखणाऱ्या ॲपने काम होतं.

ईसीएचएस: आईला नव्याने वर्गणी भरायची नाही, वडिलांनी एकदा भरलेली तिलाही लागू आहे. वडिलांचं कार्ड जमा करायचं आणि आईला मुख्य सदस्य करून नवं कार्ड ऑनलाइन मागायचं. अर्जात फॅमिली पेन्शनचा पीपीओ लागतो, म्हणून हे काम दुसऱ्या क्रमांकावर येतं. बहीण नोकरीला लागेपर्यंत किंवा तिचं लग्न होईपर्यंत आश्रित राहते. मुलग्यांना मात्र 25 वर्षांची मर्यादा आहे.

हॉस्पिटलचं आत्ताच घरात सगळ्यांना सांगा. एरवी आधी ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग योजनेच्या पॅनेलवरचं हॉस्पिटल. जिवावरचा प्रसंग असेल तर जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलात न्या, पण 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलचे दावे बहुतेक इथेच अडतात, कारण घरचे रुग्णाच्या उशाशी असतात आणि कळवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. कळवण्याचं काम आधीच एका माणसाकडे द्या.

बोनाफाईड

बहिणीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. मुलींना महिन्याला 3,000, मुलांना 2,500. वर्षाचे 36,000 एकरकमी खात्यात येतात. बारावीला किमान 60 टक्के हवेत. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर आणि फक्त पहिल्या वर्षात करता येतो. 'आईच्या पेन्शनचं मार्गी लागू दे, मग बघू' म्हणालात तर पुढच्या वर्षी ती दुसऱ्या वर्षात असेल आणि संधी कायमची जाईल. म्हणून हे काम पेन्शनसाठी अडवून ठेवू नका, समांतर चालवा.

तीन कागदांवर सगळं अवलंबून आहे: जिल्हा सैनिक कार्यालयाने सही केलेलं माजी सैनिकाचं प्रमाणपत्र, कॉलेजचं बोनाफाईड आणि बँकेचं प्रमाणपत्र. तिन्ही बोर्डाच्या ठरलेल्या नमुन्यातच. कॉलेजच्या लेटरहेडवरचं नेहमीचं बोनाफाईड चालत नाही, नमुना छापून ऑफिसात न्या. खातं बहिणीचं स्वतःचं आणि आधारला जोडलेलं हवं. पुढच्या वर्षांचं नूतनीकरण निकालावर असतं, विषय राहू देऊ नका.

शिक्षण अनुदान नावाची वेगळी योजनाही आहे, हवालदार पदापर्यंतच्यांच्या दोन मुलांसाठी, पहिली ते पदवी. नोव्हेंबर 2025 पासून ती महिन्याला 1,000 वरून 2,000 झाली. इंजिनिअरिंगसाठी मात्र शिष्यवृत्तीच बघा. बहिणीचं लग्न ठरेल तेव्हा विवाह अनुदान लक्षात ठेवा. ते 50,000 वरून 1,00,000 झालंय, अर्ज लग्नानंतर 180 दिवसांत.

खारघर_सखी

मध्येच विचारते. आमच्या शेजारी 67 वर्षांच्या एक काकू आहेत. काका सैन्यात होते, ग्रॅच्युइटी घेऊन सुटले, पेन्शन नव्हती. काका वारले. काकूंना काही मिळेल का? ठाण्याच्या सैनिक कार्यालयात नेऊ का?

तोपखाना_दप्तर

ठाण्याला नेऊ नका, हेलपाटा होईल. नवी मुंबई म्हणताना दोन जिल्हे येतात. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडात, आणि रायगडचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला आहे. काकूंना एवढं न्यायच्या आधी फोन करून कागदांची यादी विचारा.

काकूंसाठी निर्धन अनुदान आहे: पेन्शन नसलेले माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा, वय 65 च्या वर, पद हवालदारापर्यंत. महिन्याला 4,000 होतं, नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8,000. काकांचं डिस्चार्ज बुक शोधा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. सापडलं नाही तर निदान आर्मी नंबर आणि रेजिमेंट कळली पाहिजे. जुनी पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, फोटोमागचं लिखाण, काहीही बघा. आधी काकूंचं विधवा ओळखपत्र काढा, मग अनुदानाचा अर्ज.

कळवेकरांनी हा अर्ज करू नये. फॅमिली पेन्शन घेणाऱ्यांना हे अनुदान नाही.

ऐरोली_से८

घरपट्टीचं राहिलं. राज्यात 2020 पासून माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना एका राहत्या घराच्या मालमत्ता करात सूट आहे. योजनेला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव आहे. जिल्हा सैनिक कार्यालयाचं प्रमाणपत्र घेऊन प्रभाग समितीच्या कर विभागात अर्ज द्या. वडिलांच्या नावावर सूट चालू असेल तरी आईच्या नावाने अर्ज करा. पाणीपट्टी वेगळी भरावी लागते.

आयकर विवरणपत्रात फॅमिली पेन्शन पगारात दाखवू नका, ती 'इतर स्रोत' मध्ये जाते. तिच्यातून एक तृतीयांश किंवा 25,000, जे कमी असेल ते वजा होतं. जुनी करप्रणाली घेतली तर मर्यादा 15,000.

आणि वडिलांच्या कागदांत एजीआयएफच्या (आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड) एक्सटेंडेड इन्शुरन्सचं सर्टिफिकेट शोधा. निवृत्तीच्या वेळी एकदाच पैसे कापून हा विमा दिला जातो, घरच्यांना बहुधा ठाऊकच नसतं. मुदत सर्टिफिकेटवर असते. मुदतीत मृत्यू झाला असेल तर दावा करा, तो पेन्शनबरोबर आपोआप येत नाही.

कळवा_पश्चिम

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या मृत्यूची नोंद, परवा कॉलेजात नमुना देतो. नाशिक रोडला पोस्टाने पाठवू की स्वतः जाऊ?

तोपखाना_दप्तर

सैनिक कार्यालयाचं पत्र जोडलेलं असेल तर स्पीड पोस्ट पुरतं. स्वतः गेलात तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. दोन्ही बाबतीत मूळ डिस्चार्ज बुक पाठवू नका, साक्षांकित झेरॉक्स द्या. आणि प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात वडिलांचा आर्मी नंबर लिहा. पानं सुटी झाली तरी ती योग्य फायलीत परत लागतात.