कोलोराडोचा आयता कप

बरेचदा म्हटलं जातं की कोलोराडो अ‍ॅव्हलांच या नव्या आइस हॉकी संघानं पहिल्याच मोसमात, १९९६ साली, स्टॅन्ली कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या मुख्य लीगचं विजेतेपद, जिंकला. कप जिंकला हे खरं, पण संघ नवा कुठला? तो कॅनडातल्या क्वेबेक शहराचा नॉर्डिक्स. १९७२ मध्ये डब्ल्यूएचए या दुसऱ्या लीगमध्ये सुरू झाला, १९७९ ला एनएचएलमध्ये आला आणि पैशांचं गणित न जमल्यानं १९९५ ला कोलोराडोतल्या डेन्व्हरला विकला गेला.

कपाची पेरणी क्वेबेकमध्येच झाली होती. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीनं तरुण खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) नॉर्डिक्सनं पहिला निवडलेल्या एरिक लिंड्रॉसनं तिथं खेळायला साफ नकार दिला. वर्षभर ताणून शेवटी त्याला फिलाडेल्फियाच्या संघाला दिलं. बदल्यात पीटर फोर्सबर्ग, आणखी काही खेळाडू, ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचे हक्क आणि दीड कोटी डॉलर! त्यातल्या एका हक्कातून गोलकीपर जोसलिन थिबो मिळाला आणि डिसेंबर १९९५ मध्ये त्याच्यासह तिघांना मॉन्ट्रियलच्या संघाला देऊन गोलकीपर पॅट्रिक रॉय आणला.

माझ्या मते संघ क्वेबेकमध्येच असता तर मॉन्ट्रियलनं आपल्या हाडवैऱ्याला रॉय कधीच दिला नसता.