टेस्टोस्टेरॉन वाढवायच्या गोळ्या घ्याव्यात का?

जोरबैठक
वय ३६. वजनं उचलतो, पण ताकद वाढायची थांबलीये, दिवसभर थकवा असतो. जिमच्या ट्रेनरने गोखरू, अश्वगंधा आणि झिंक असलेला बूस्टर सुचवलाय. संध्याकाळी ऑफिसहून येताना टेस्टोस्टेरॉन तपासलं तर २९० आलं, रिपोर्टवर खालची मर्यादा ३०० आहे. आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय, त्यामुळे जास्तच घाबरलोय.

घाटमाथा
संध्याकाळच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं. ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी रक्त द्या. तरीही कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर लॅबला आधी सांगा, काही यंत्रांवर त्याने आकडा चुकतो.

गोखरूवर पैसे घालवू नका. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळाडूंना ५ आठवडे दिलं होतं (२००७ चा अभ्यास), ताकदीत काही फरक पडला नाही. अश्वगंधेने काही छोट्या अभ्यासांत थोडी वाढ दिसली, पण यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. झिंकचा उपयोग कमतरता असेल तरच.

आणि व्यायामाचं म्हणाल, तर जड स्क्वॉट्सनंतर टेस्टोस्टेरॉन चढतं खरं, पण तासाभरात पूर्ववत होतं. स्नायू वाढतात ते मुख्यतः भारामुळे, त्या तात्पुरत्या चढामुळे नाही. म्हणजे ताकद अडली म्हणून हार्मोन कमी, असा अर्थ लावू नका. पोट सुटलेलं असेल तर मात्र ते उतरवा. चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, वजन घटलं की आकडा खरोखर सुधारतो.

रातराणी
झोप किती होते? शिकागोत तरुण मुलांना आठवडाभर रोज ५ तासच झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं होतं.

घाटमाथा
+१. आणि जोरबैठक, एक कळकळीने सांगते: कुणी इंजेक्शन सुचवलं तर अजिबात घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवायला लावणारी हार्मोन्स) सोडणं कमी करते आणि शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर परत यायला महिनोन्‌महिने लागतात. काही बूस्टरांत लेबलवर न लिहिलेले स्टेरॉइडही सापडलेत.

जोरबैठक
झोप जेमतेम पाच तास, ताई. बूस्टरचा डबा घेत नाही आता. सकाळच्या तपासणीत अजून काय सांगू?

घाटमाथा
एलएच, प्रोलॅक्टिन, थायरॉईड, आणि थकव्यासाठी हिमोग्लोबिन, बी१२. वीर्यतपासणी वेगळी करा. रिपोर्ट एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा, ट्रेनरला नको.