तळपायाला कुरूप की चामखीळ? स्किनवाल्याकडे जायचं की सर्जनकडे? (फोंडा-पणजी परिसर)

नमस्कार मंडळी,

सावईवेऱ्याहून लिहितेय. मुलगा चौदा वर्षांचा, फुटबॉलवेडा. मे महिन्यात त्याच्या डाव्या तळपायाला, अंगठ्याखालच्या गादीवर, तांदळाएवढं काहीतरी कडक झालं. सासूबाई म्हणाल्या, कुरूप. कुळागरात अनवाणी हिंडतो, काटा मोडला असेल. त्यांनी काजूची बी चुलीत तापवली आणि टरफलातून सुटलेलं तेल काडीने लावलं. दुसऱ्या दिवशी ते कडक तसंच, भोवतीची कातडी मात्र भाजून फोड आलेला. माझ्या माहेरी हेच तेल टाचांच्या भेगांना लावायचे, म्हणून मीही अडवलं नाही.

मग औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणली. तीन पट्ट्या झाल्यावर वरची पांढरी कातडी निघाली आणि खाली काळे ठिपके दिसले, मोहरी फोडून टाकल्यासारखे. आता शेजारी आणखी दोन बारके आलेत आणि उजव्या हाताच्या बोटावर, नखाच्या कडेला, एक खरखरीत. नखं खायची सवय आहे, कितीही ओरडा.

एका डॉक्टरांनी त्याला बूटसुद्धा काढायला न लावता "कुरूप आहे, सर्जनकडून कापून घ्या" सांगितलं. शेजारीण होमिओपॅथीच्या थुजावर ठाम. पार्लरवाली म्हणते पाच मिनिटांत जाळून देते. म्हापशाची नणंद म्हणते स्किन स्पेशालिस्ट. पण स्किनवाले म्हणजे मुरमं, केसगळती आणि चेहऱ्याचं लेझर अशीच माझी समजूत. तळपायाचं ते बघतात का?

आणि चवथीला घर पाहुण्यांनी भरणार, न्हाणी एकच. हे पसरतं का? सासूबाईंना मधुमेह आहे आणि मानेवर लोंबत्या चामखिळी आहेत, त्यांनाही बरोबर नेऊ का? कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद

ताई, स्किनवालेच. पाटीवर एमडी स्किन, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल यापैकी पदवी बघा. नुसतं कॉस्मेटॉलॉजी लिहिलेलं असेल तर पुढे चला. त्वचारोगतज्ज्ञाच्या शिक्षणात गुप्तरोग आणि कुष्ठरोगही येतात, चेहऱ्याचं लेझर हा त्यातला एक कोपरा.

घरी एक करून बघा. बॅटरीच्या उजेडात पाय धरा. कुरपावरून कातडीच्या रेघा सरळ जातात, चामखिळीपाशी तुटतात. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. काळे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त, त्यामुळे तुमच्या वर्णनावरून मला तरी ही चामखीळच वाटते. पण नक्की सांगायचं ते डॉक्टरांनी.

चामखीळ होते ती एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. तो कातडीच्या वरच्या थरात असतो, खोल 'मूळ' वगैरे नसतं. म्हणून कापायची घाई नको. तळपायावर व्रण राहिला तर चालताना कायमचा दुखू शकतो आणि चामखीळ त्याच व्रणाच्या कडेला परत उगवू शकते. पार्लरला तर हात जोडून नमस्कार.

प्रतिसाद

मी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) स्किन विभागात दाखवलं होतं. टाचेला चार होत्या. द्रव नायट्रोजन लावला, उणे १९६ अंशांचा. लावताना मुंगी चावल्यासारखं, पण संध्याकाळी ठणका आणि दुसऱ्या दिवशी टपोरा फोड. तीन-तीन आठवड्यांनी तीन वेळा गेलो. खाजगीत जाणार असाल तर आधी फोन करून नायट्रोजन आहे का विचारा, तो उडून जातो, सगळेच रोज ठेवत नाहीत.

मधल्या काळात सॅलिसिलिक ॲसिड. तुमच्या कॉर्न कॅपमध्येही तेच असतं, पण तीन पट्ट्यांत काही होत नाही, बारा आठवडे चिकाटी लागते. रोज रात्री पाय कोमट पाण्यात पाच मिनिटं, मग वजरीने हलकं घासायचं, भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन आणि मधोमध औषध. भाजलेली जागा आधी पूर्ण भरू दे. ती वजरी दुसऱ्या कोणी वापरायची नाही. मी तर एकच वजरी दोन्ही पायांना वापरली होती, दुसऱ्या पायाला लागण करून घेतली.

मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. थुजाला यश मिळालेलं दिसतं ते बहुतेक यामुळेच, असं माझं मत. (होमिओपॅथीवाल्यांनी वेगळा धागा काढावा.)

प्रतिसाद

सासूबाईंचं प्रकरण वेगळं. मराठीत दोन्हींना चामखीळच म्हणतो, तिथेच घोळ होतो. मानेवरच्या मऊ, लोंबत्या असतात त्या सहसा विषाणूच्या नसतात आणि लागत नाहीत. मधुमेह असताना कॉर्न कॅप नको आणि आमच्याकडे घोड्याचा केस बांधायचे तसलंही काही नको. दाखवायला बरोबर न्या. एखादी भराभर वाढली, रंग बदलला किंवा रक्त येऊ लागलं तर थांबूच नका, तिथे तुकडा काढून तपासावा लागतो.

पसरण्याबद्दल म्हणाल तर न्हाणीत प्रत्येकाची चप्पल वेगळी, टॉवेल वेगळा, एवढं पुरे. चवथ होऊ दे थाटात. नखं खाणं मात्र थांबवा, बोटाची चामखीळ ओठावर जाऊ शकते.

धागाकर्ती

बॅटरी लावून बघितलं. रेघा तुटतायत, आणि चिमटीत धरल्यावर जो ओरडला ते सासूबाईंनी माजघरातून ऐकलं. गुरुवारी दोघांनाही घेऊन बांबोळीला जातेय. जुनी वजरी टाकून दिली. "ओठावर जाते" हे वाचून दाखवल्यापासून पठ्ठ्याचं बोट तोंडात गेलेलं नाही, बघू किती दिवस.

एक राहिलंच. याचे फुटबॉलचे बूट धाकट्याला द्यायचे ठेवलेत. देऊ का?

प्रतिसाद

इतक्यात नको. मोठ्याचा पाय बरा होईपर्यंत राहू दे. मग धुऊन कडक वाळवून द्या.

धागाकर्ती

श्रावणात कडक वाळवून! बरं, ठेवते माळ्यावर.