मुलगी १३ वर्षांची, उंची १६८ सेमी, क्लबमध्ये कायम पोस्टवर. पुढची चार-पाच वर्षं कशी आखावी?

कोर्टकडेची_आई (प्रश्न)

नमस्कार. मुलगी आठवीत आहे, सांगलीतल्या एका क्लबमध्ये तीन वर्षं बास्केटबॉल खेळते. मैदान उघडं, सिमेंटचं. सोमवार ते शुक्रवार रोज दोन तास सराव, शनिवारी शाळेच्या संघाबरोबर दीड तास आणि रविवारी बहुतेक वेळा दोन मॅच. वयोगटात सगळ्यात उंच असल्यामुळे तिला रिंगखालीच, म्हणजे पोस्टवर, उभी करतात. रिबाउंड (हुकलेला शॉट परत झेलणं) आणि जवळचे बास्केट चांगले करते, पण डावा हात कच्चा आहे आणि बाहेरून ड्राइव्ह मारायला (बॉल आपटत रिंगकडे घुसायला) गेली की ट्रॅव्हलिंग (बॉल न आपटता जास्त पावलं टाकण्याची चूक) होतं. पाळी वर्षभरापूर्वी सुरू झाली. दोन महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तिथे थोडा उंचवटाही आलाय.

पोस्टवरच तयार होऊ द्यावं का? सराव जास्त होतोय का? जिल्हा-राज्य निवडीचा रस्ता शाळेतून की क्लबमधून? पुण्याच्या एका मोठ्या क्लबकडूनही विचारणा झाली आहे. जावं का?

---

बेसलाइन_कट

ताई, आधी उंचीचा हिशोब करा. पोझिशनचं उत्तर त्यातच आहे. पाळी सुरू झाल्यानंतर मुलींची उंची सरासरी ५ ते ७ सेमी वाढते आणि त्यातली बरीचशी पहिल्या वर्षातच वाढून जाते. म्हणजे तुमची मुलगी १७० ते १७२ च्या आसपास थांबण्याची शक्यता जास्त. वर्गात ती आज उंच दिसते, कारण ती लवकर वाढली. सोळाव्या वर्षी बाकीच्यांशी तिचं अंतर कमी होईल, आणि राज्याच्या ज्युनिअर संघात १७१ सेमीची मुलगी सहसा पोस्ट नसते, विंग (कडेने, बाहेरून खेळणारी) असते. तेव्हा तिला ड्रिबल आणि बाहेरचा शॉट येत नसेल तर उंचीचा फायदाही जातो आणि हातात दुसरं काहीच उरत नाही. १३ व्या वर्षी पोस्टला बांधलेल्या मुलींचं सर्रास हेच होतं.

प्रशिक्षकांशी बोलताना "पोस्टवरून काढा" असं म्हणू नका. संघाला जिंकायचं असतं, ते ऐकणार नाहीत. "मॅचमध्ये पोस्ट, सरावात गार्ड" एवढंच मागा. सरावाच्या सामन्यात बॉल वर आणायचं काम तिच्याकडे द्यावं, प्रेस (समोरच्यांनी कोर्टभर अंगावर येऊन अडवणं) लावलेली असतानासुद्धा. बॉल हातातून जाईल, जाऊ दे.

ट्रॅव्हलिंगचं कारण जवळजवळ ठरलेलं असतं. विंगवर उभ्याने बॉल घेतला की एक पाय पिव्होट, म्हणजे जागेवर रोवलेला, होतो. ड्राइव्हला निघताना तो पिव्होट पाय उचलण्याआधी बॉल हातातून सुटलेला असला पाहिजे. पोस्टच्या मुली आधी पाऊल टाकतात आणि मग बॉल टाकतात, कारण रिंगखाली त्यांना एक पाऊल आणि शॉट एवढीच सवय असते. धावत बॉल घेतला तर गोष्ट वेगळी: २०१७ पासून फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात बॉल ताब्यात येताना जमिनीवर असलेलं पाऊल शून्य धरतात आणि पुढे दोन मिळतात. या दोन प्रसंगांची मुलांच्या डोक्यात सरमिसळ होते. म्हणून आधी फक्त उभ्याचा सराव घ्या. भिंतीवर पास, परत झेल, गुडघ्यात वाकून थांबायचं, बॉल पुढच्या पायाच्या बाहेर लांब टाकायचा आणि मगच मागचा पाय उचलायचा. दोन्ही बाजूंना २०-२०, रोज. तीन आठवड्यांत फरक दिसतो.

डाव्या हातासाठी मायकन ड्रिल: रिंगखाली उभं राहून एकदा उजवीकडून उजव्या हाताने, एकदा डावीकडून डाव्या हाताने, बॉल खांद्याच्या खाली न आणता. दोन मिनिटांत किती पडतात ते वहीत लिहा. डावीकडून टाकताना उजव्या पायावरून उडायचं. पाय चुकला की हातही चुकतो, आणि आपण उगाच हाताला दोष देत बसतो.

शॉट रिंगपासून दीड मीटरवरून सुरू करा, एका हाताने ५० पडेपर्यंत. ते जमलं की एकेक पाऊल मागे. फ्री थ्रो (बोर्डापासून ४.६० मीटर) पाय न उडवता पोचायला लागला की पुढचं बघू. ६.७५ मीटरची थ्री-पॉइंट लाइन अजून लांब आहे. आत्ता ती तिथून मारायला गेली तर कमरेतून फेकेल आणि ती सवय काढायला दोन वर्षं लागतील.

एक विचारायचं राहिलं: सराव मुलांबरोबर असतो का? बॉल कोणता वापरतात?

---

कोर्टकडेची_आई

हो, मुलांबरोबरच. क्लबमध्ये सगळे ७ नंबरचेच बॉल आहेत.

---

रबरी_बॉल

मग आधी ते बदला. मुलींचा बॉल ६ नंबरचा: घेर ७१.५ ते ७३ सेमी, वजन ५१० ते ५५० ग्रॅम. ७ नंबरचा ७५ ते ७७ सेमी आणि ५८० ते ६२० ग्रॅम. फरक छोटा वाटतो, पण १३ वर्षांच्या पंजाला तो बॉल एका हातावर तोलता येत नाही, म्हणून दुसऱ्या हाताचा अंगठा ढकलायला लागतो आणि शॉटला बाजूचा स्पिन येतो. मुलींचा शॉट डावी-उजवीकडे जातो त्याचं हे एक मोठं कारण.

सिमेंटसाठी रबरी बॉलच घ्या. कंपोझिट लेदरचा महागडा बॉल उघड्या मैदानावर काही महिन्यांत गुळगुळीत होतो आणि पावसात भिजला तर जड होतो. हवा तपासायला १.८० मीटरवरून सोडा. उसळल्यावर बॉलचा वरचा कड १.२० ते १.४० मीटरपर्यंत आला पाहिजे. आमच्याकडच्या मैदानांवर बॉल बहुधा जास्त टणक भरलेले असतात. मग रिंगला लागून लांब उडतात आणि बोटंही दुखावतात.

बूट: धावण्याचे बूट नकोत. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला कट मारताना घोटा वळतो. बास्केटबॉलचेच घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून, संध्याकाळी मापून. सिमेंटवर तळवा लवकर झिजतो. अंगठ्याखालची नक्षी गेली की बूट गेला, वरून कितीही नवा दिसू दे.

---

गुडघा_आणि_घोटा

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहितो. वाटीखाली बोटभर अंतरावर हाडाचा उंचवटा, दाबल्यावर दुखणं, उडी मारताना आणि जिना उतरताना त्रास: हे वर्णन ऑसगुड-श्लॅटरशी जुळतं. वाढीच्या वयात मांडीच्या पुढच्या स्नायूचा ताण नडगीच्या हाडाच्या अजून पक्क्या न झालेल्या भागावर येतो, त्यामुळे होतं. खात्री मात्र हाडांच्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासूनच करा. गुडघ्यात पाणी झाल्यासारखी सूज, गुडघा अडकणं, मध्येच सटकणं किंवा रात्री झोपेत दुखणं यातलं काही असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

यात खेळ पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते, भार कमी करायची असते. तुमचा हिशोब बघा: पाच दिवस दोन-दोन तास म्हणजे १०, शनिवारचे दीड, रविवारच्या दोन मॅच वॉर्म-अप धरून अडीच ते तीन. एकूण १४ ते साडेचौदा तास, आणि सुट्टीचा एकही दिवस नाही. यूएसए बास्केटबॉल आणि एनबीएने मिळून केलेल्या मार्गदर्शक सूचनांत १२ ते १४ वयासाठी आठवड्याला जास्तीत जास्त १० तास सांगितले आहेत. १४ तास नववी ते बारावीच्या मुलांसाठी आहेत. शिवाय तिचं सगळं सिमेंटवर, रिंगखाली, म्हणजे उड्याच उड्या.

सध्या सहा आठवडे असं करा. क्लबचे चार दिवस, पण रोज दीडच तास, त्यातले दोन बिनउड्यांचे: ड्रिबल, पास, जमिनीवरूनच शॉट. शाळेचा सराव ठेवा. रविवारी एकच मॅच, आणि क्लबच्या सुट्टीच्या दिवशी दुसरं काहीही नाही. दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्यायला सांगा. ३ पर्यंत खेळू द्या, त्यापुढे गेलं किंवा लंगडायला लागली की त्या दिवसापुरतं थांबवा. खेळ झाल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं. दुखऱ्या जागेवर जोरजोरात मालिश करू नका. आजीचा आग्रह असला तरी नको.

आता जास्त महत्त्वाचं. वयात आल्यावर मुलींमध्ये गुडघ्याच्या आत हाडं बांधून ठेवणाऱ्या एसीएल लिगामेंटच्या दुखापतीचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच वाढतं. उडीवरून उतरताना गुडघे आत वळणं हे त्याचं ठळक कारण. मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढा: रिबाउंड घेऊन उतरताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकतात का? झुकत असतील तर आठवड्यातून तीनदा, सरावाच्या सुरुवातीला १५ मिनिटं: चालत लंज (लांब पाऊल टाकून गुडघ्यात वाकणं) १० + १०, एका पायावर ३० सेकंद तोल (समोरून पास देत), प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं) ३० सेकंद दोनदा, दोन पायांवर उडी मारून आवाज न करता उतरणं आणि तसंच ३ सेकंद थांबणं, ८ वेळा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. दुखणं ३ च्या वर असेल तोवर उड्या वगळा, बाकीचं चालू ठेवा. हा वॉर्म-अप सगळ्या संघानेच केला तर उत्तम. मुलगी एकटी करत असेल तर दोन आठवड्यांत सुटतो.

दम लवकर लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर कितीही पळवा, दम वाढणार नाही.

---

फाइल_आणि_शिक्का

निवडीच्या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि दोन्ही चालू ठेवायच्या.

शालेय वाट क्रीडा विभागाची: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, जिल्ह्यातून विभाग (तुमचा कोल्हापूर), मग राज्य, मग राष्ट्रीय शालेय. यात शाळेचा संघ उतरतो. शाळा कच्ची असेल तर जिल्ह्यातच गाडी अडते, मुलगी कितीही चांगली असो. दुसरी वाट संघटनेची: जिल्हा संघटनेची निवड चाचणी, राज्य स्पर्धा आणि तिथून महाराष्ट्राच्या संघाचं शिबिर. त्यात सब-ज्युनिअरनंतर युथ म्हणजे १६ खालील आणि ज्युनिअर म्हणजे १८ खालील. क्लबचा उपयोग इथे होतो, कारण चाचणीची तारीख क्लबला कळते, शाळेला बहुधा कळत नाही. जिल्हा संघटनेच्या सचिवांचा नंबर तुमच्याकडेही असू द्या.

गटाची जन्मतारीख साधारणपणे १ जानेवारीच्या हिशोबाने धरतात. मुलगी नोव्हेंबर-डिसेंबरची असेल तर ती कायम गटात सगळ्यात लहान राहणार. एखाद्या वर्षी निवड हुकली तर त्याचा अर्थ लावताना हे लक्षात घ्या.

कागद आत्ताच नीट करा. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड या तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव आणि तारीख अक्षरशः सारखी हवी. "ई" दीर्घ की ऱ्हस्व यावरूनही टेबलावर अडवतात. जन्मदाखला जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी काढलेला असेल तर शंका घेतात आणि वयचाचणीला पाठवू शकतात. त्यात डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीने हाडांचं वय ठरवतात. लवकर वाढलेल्या मुलीचं हाडांचं वय खऱ्या वयाच्या पुढे येऊ शकतं, म्हणून तुमच्यासाठी वेळेत नोंदवलेला दाखला जास्तच मोलाचा.

प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र मूळ स्वरूपात प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, लॅमिनेट करू नका. सही-शिक्के पडताळताना कागद हातात घेऊन बघतात. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो आणि त्याला मुदत असते. शाळेला आठवण तुम्हीच करायची. पुढे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठीही हीच प्रमाणपत्रं विभागीय उपसंचालकांकडे पडताळली जातात.

---

बेसलाइन_कट

पुण्याबद्दल. मैदान सिमेंटचं आहे म्हणून क्लब सोडू नका. मुंबईत नागपाड्याच्या उघड्या मैदानांवरून अब्बास मुंतासिर भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. तिथे रोज संध्याकाळी मोठ्यांबरोबर खेळायला मिळायचं, ती खरी गोष्ट.

त्या क्लबला तीन प्रश्न विचारा. हिच्या वयोगटात किती मुली आहेत? १२ जणींच्या संघात ती आठव्या-नवव्या क्रमांकाची असेल तर मॅचमध्ये पाच मिनिटंही मिळणार नाहीत, आणि या वयात बाकावरून काही शिकता येत नाही. दुसरं, तिला कुठल्या पोझिशनसाठी घेताय? उत्तर "पोस्ट" आलं तर विषय संपला. तिसरं, राहणं, शाळा, जेवण यांची जबाबदारी नावानिशी कोणाची? जिल्हा बदलला की आधीच्या संघटनेचं ना-हरकत पत्र लागू शकतं, तेही हंगाम सुरू व्हायच्या आधी मागावं लागतं. माझं मत: दहावीपर्यंत सांगलीतच ठेवा आणि मे महिन्यात दोन-तीन आठवडे तिकडच्या शिबिराला पाठवा.

रविवारी संघ जमत नसेल तेव्हा थ्री-बाय-थ्री (तिघी विरुद्ध तिघी) खेळवा. अर्धं कोर्ट, १० मिनिटं किंवा २१ गुण, शॉटला १२ सेकंद. तिघींतल्या प्रत्येकीला बॉल हाताळावाच लागतो, रिंगखाली उभं राहून चालत नाही.

---

कोर्टकडेची_आई

खूप आभार. उद्याच डॉक्टरांची वेळ घेते आणि ६ नंबरचा बॉल आणते. दोन शंका: पावसाळ्यात कोर्ट महिना-महिना ओलं असतं आणि त्यानंतर लगेच शालेय स्पर्धा. तेव्हा काय करायचं? आणि दहावीचं वर्ष?

---

गुडघा_आणि_घोटा

ओल्या सिमेंटवर अजिबात नको, शेवाळ दिसत नाही पण असतं. शाळेची शेड किंवा बंद व्हरांडा मिळाला तर भिंतीवरचे पास, दोन बॉलचं ड्रिबल आणि स्क्वॉट-लंज-प्लँक यावर जून ते ऑगस्ट काढता येतो. अडचण पुढे येते: कोर्ट सुकलं की स्पर्धा तोंडावर म्हणून एकदम रोज दोन तास उड्या सुरू होतात आणि टाच-नडगी धरते. उघडीप मिळाल्यावर पहिला आठवडा निम्मा वेळ, दुसरा पाऊण, तिसऱ्यात पूर्ण. त्यासाठी शेडमध्येही आठवड्यातून दोनदा ३०-४० हलक्या उड्या चालू ठेवा, म्हणजे पाय विसरत नाहीत.

---

फाइल_आणि_शिक्का

दहावीत दिवाळीपर्यंतच्या स्पर्धा खेळू द्या, गुणांसाठी त्याच कामाला येतात. त्यानंतर फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेपर्यंत आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं: दोनदा शॉट आणि ड्रिबल, एकदा व्यायाम. क्लबचं नाव आणि नोंदणी चालू ठेवा, फी भरून पावती घ्या. पूर्ण बंद केलं तर शेवटच्या पेपरनंतर ती थेट मेच्या शिबिरात दिवसाला चार तास खेळायला उतरते. म्हणून परीक्षा संपल्यावर आधी दोन-तीन आठवडे क्लबमध्ये एक-एक तास, मग शिबिर.