कुंडीतून कढईत : फाल्गुन-चैत्रातले आपले अनुभव

पाचपाखाडी, ठाणे
परवा जांभळी नाक्यावर शेवग्याच्या फुलांचे वाटे मांडलेले दिसले आणि आमच्या जुन्या बैठ्या घरामागचे झाड आठवले. फाल्गुन लागला की आजी त्या झाडाखाली रात्री जुने लुगडे अंथरून ठेवी, सकाळी त्यावर पडलेली फुले वेची, देठ काढून ती मिठाच्या पाण्यात बुडवी आणि मग कांदा, हिरवी मिरची व ओले खोबरे घालून परती. झाकण मात्र ठेवू देत नसे, कारण वाफेने फुलांचा लगदा होतो. आता त्या जागी इमारत आहे. सोसायटीच्या परवानगीने मी गच्चीवर मोठ्या पिंपात पीकेएम-१ जातीचा शेवगा लावला आहे. ही जात बियांपासून साधारण सहा महिन्यांत शेंगा देऊ लागते आणि वेळेवर छाटली तर आटोक्यात राहते. आपल्याकडे या दिवसांत काय निघते आणि त्याचे काय करता, ते सवडीने लिहावे.

घणसोली
लाल माठ. थर्माकोलच्या खोक्यात बी भुरभुरले की महिन्याभरात भाजी हाताशी येते. मुळासकट उपटू नये, वरून खुडावी, म्हणजे पुन्हा फुटते. आम्हा आगऱ्यांकडे त्यात सुका जवळा पडतोच. जवळा आधी कोरडाच भाजून धुऊन घ्यायचा, ठेचलेल्या लसणावर परतायचा आणि माठ अगदी शेवटी घालायचा. भाजी नुकतीच खुडलेली असल्यामुळे पाणी घालावे लागत नाही, तिच्या स्वतःच्या लाल रसातच ती शिजते आणि तो रस तांदळाच्या भाकरीला लागला की दुसरे कालवण लागत नाही.

सीबीडी बेलापूर
चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या आमच्या वसाहतीत घरांना अंगणे आहेत, त्यामुळे दुधीचा वेल मांडवावर चढवता येतो. वेलाला फुले लागतात पण दुधी धरत नाही, अशी तक्रार अनेक जण करतात, म्हणून सविस्तर लिहितो. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि त्या वेळी मधमाश्या फारशा फिरकत नाहीत. ज्या फुलामागे बोटभर लवदार दुधी दिसतो ते मादी फूल. नुसत्या लांब देठावरचे ते नर. दिवेलागणीला नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. फळ धरले तर दोन-चार दिवसांत ते फुगू लागते, नाही तर पिवळे पडून गळते. असा दुधी नख सहज रुतेल इतका कोवळा असतानाच काढावा. त्याची साल आमच्या घरी कधीच टाकली जात नाही. तीळ, सुके खोबरे आणि लाल मिरचीबरोबर ती कुरकुरीत परतून चटणी होते, आणि माझ्या मते ती भाजीपेक्षाही सरस लागते.

ऐरोली
दादा, कबुतरांसाठी जाळी लावलेली असली तर टोमॅटोलाही असेच हाताने करावे लागते का?

सीबीडी बेलापूर
नाही ताई, टोमॅटोच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात. सकाळी फुलांच्या घोसाला टिचकी मारली तरी पुरते.

घोडबंदर रोड, ठाणे
टोमॅटोविषयी एक भर घालते. आमच्याकडे वरच्या मजल्यावर वाराच झाडे हलवतो. परंतु एप्रिलमध्ये रात्रीही उकाडा राहू लागला की फुले गळतात, म्हणून फाल्गुनातला बहर हाच खरा. एका वेळी मूठभरच फळे पिकतात, त्यामुळे मी सार करते: टोमॅटो उकडून, साल काढून, नारळाच्या दुधात मिसळते आणि वर तूप-जिऱ्याची फोडणी देते. नारळाचे दूध घातल्यावर सार उकळू देऊ नये, ते फुटते.

पाचपाखाडी, ठाणे
सर्वांचे मनापासून आभार. शेवग्याच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा आला आहे. फुले खायची असल्यामुळे औषध मारायला मन धजत नाही.

घणसोली
काकू, औषध नकोच. पाण्याची जोराची धार मारून मावा खाली पाडा आणि जास्त किडलेले शेंडे खुडून टाका. मुंग्या चढत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, कारण माव्याच्या चिकट गोड पाण्यासाठी त्या त्याची राखण करतात.

सानपाडा
माझ्याकडे केवळ ग्रिल आहे आणि त्यात पुदिना, मिरची व मायाळू एवढेच आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ करताना मिरची त्याच क्षणी तोडून वाटली, तर कैरीच्या आंबटपणाला तिचा हिरवा वास शोभतो. घणसोलीच्या ताईंना विनंती आहे की, लाल माठाचे थोडे बी मिळाले तर मी मायाळूचे छाट देईन. त्याची डाळ-दाणे घातलेली पातळ भाजी अवश्य करून पाहा.

घणसोली
नक्की देते. दोन रोपे बियांसाठी राखली आहेत, तुरे वाळले की चोळून काळे बी वेगळे करते आणि कळवते.